प्रश्न पडद्यावर राहू द्या

५ ऑक्टोबर १९८८. अमेरिकेतल्या ओमाहा शहरात उपाध्यक्षपदाचे दोन उमेदवार समोरासमोर उभे होते. रिपब्लिकन पक्षाचे डॅन क्वेल ४१ वर्षांचे, डेमोक्रॅटिक पक्षाचे लॉइड बेन्टसेन ६७ वर्षांचे. बोलता बोलता क्वेल म्हणून गेले की जॅक केनेडी (म्हणजे जॉन एफ. केनेडी) अध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा त्यांना संसदेचा जेवढा अनुभव होता, तेवढा आज मलाही आहे. बेन्टसेननी आवाज जराही न चढवता उत्तर दिलं, ‘सिनेटर, मी जॅक केनेडींबरोबर काम केलंय. मी त्यांना ओळखत होतो. ते माझे मित्र होते. सिनेटर, तुम्ही जॅक केनेडी नाही.’ सभागृहात एकच गलका उठला. टीव्हीवरच्या निवडणूक वादांचा विषय निघाला की आजही हा टोला हमखास सांगितला जातो.

क्वेल केनेडींच्या नावापर्यंत पोचले कसे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्यांना एक साधा प्रश्न विचारला गेला होता: अध्यक्षांना काही झालं आणि कारभार तुमच्यावर आला, तर तुम्ही सुरुवातीला काय कराल? पत्रकार ब्रिट ह्यूम यांनी तो विचारला. क्वेल म्हणाले, आधी प्रार्थना करीन, मग अध्यक्षांच्या माणसांना बोलावून त्यांच्याशी बोलेन. तिथून ते स्वतःच्या पात्रतेकडे वळले. ह्यूमनी पुन्हा विचारलं, प्रार्थना झाली, सल्लागार भेटले, पुढे काय? क्वेल म्हणाले, अशा काल्पनिक प्रसंगाच्या तपशिलात शिरणं योग्य नाही. मग दुसरे पत्रकार टॉम ब्रोकॉ यांनी तोच धागा तिसऱ्यांदा उचलला, आणि तेव्हा क्वेलनी केनेडींचं नाव घेतलं.

त्या रात्री लोकांना काही कळलं असेल तर ते या तीन वेळा विचारलेल्या प्रश्नामुळे कळलं. देशाचा कारभार अंगावर पडू शकेल असा माणूस ‘मग काय कराल?’ या प्रश्नापुढे तीनदा वेळ मारून नेत होता. बेन्टसेन यांचं वाक्य धारदार होतंच, पण ते या वेळ मारून नेण्यातून उडालेली ठिणगी होतं. आपण ठिणगी लक्षात ठेवली आणि प्रश्न विसरलो. टीव्हीवरच्या वादात मतदाराचं खरं नुकसान नेमकं इथे होतं, असं मला वाटतं.

नेत्यांच्या वाक्चातुर्यावर पुष्कळ लिहिलं जातं. कोण कुणावर तुटून पडला, कुणाचा हजरजबाबीपणा सरस ठरला, कुणाच्या कपाळावर घाम होता, यांवर दुसऱ्या दिवशी रकाने भरतात. पण तुटून पडणारा निदान दिसतो तरी. ओरडणारा, मधे बोलणारा, समोरच्याला नावं ठेवणारा पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो आणि त्याची किंमत त्याला कधी ना कधी मोजावी लागते. जो सभ्यपणे, चेहऱ्यावर स्मित ठेवून, विचारलेला प्रश्न बाजूला सारतो आणि शेजारच्याच प्रश्नाचं उत्तर देतो, त्याला कुणी काही म्हणत नाही. मला सगळ्यात घातक वाटते ती हीच युक्ती.

टॉड रॉजर्स आणि मायकल नॉर्टन या दोन संशोधकांनी २०११ मध्ये यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी लोकांना एका वादाचं चित्रण दाखवलं. वक्त्याचं उत्तर सगळ्यांसाठी एकच होतं, आरोग्यसेवेबद्दलचं. बदलला होता फक्त त्याआधीचा प्रश्न. काहींना आरोग्यसेवेचाच प्रश्न ऐकवला, काहींना अमली पदार्थांच्या समस्येचा, काहींना दहशतवादाविरुद्धच्या लढाईचा. दहशतवादाचं विचारल्यावर वक्ता आरोग्यसेवेवर बोलू लागला, तेव्हा लोकांना ते खटकलं. पण अमली पदार्थांच्या प्रश्नाला आरोग्यसेवेचं उत्तर मिळालं, तेव्हा बहुतेकांच्या ते ध्यानातच आलं नाही. मूळ प्रश्न काय होता, हेही अनेकांना आठवेना. प्रश्न जवळपासचा आणि उत्तर ओघवतं असलं, की खपून जातं. अडखळत नेमकं उत्तर देणाऱ्यापेक्षा सफाईने भलतंच उत्तर देणारा लोकांना जास्त आवडला, हेही याच प्रयोगांत दिसलं.

हे वाचून मी काही काळ अस्वस्थ होतो. कारण यात पाहणाऱ्याची बेपर्वाई नाही. माणूस ऐकताना वक्त्याचा चेहरा पाहत असतो, तो भला वाटतो की नाही हे जोखत असतो, त्याचा सूर ऐकत असतो. एवढ्या धांदलीत दीड मिनिटापूर्वीचा प्रश्न शब्दशः मनात धरून ठेवणं अवघडच आहे. राजकारण्यांचे सल्लागार नेमकं हे ओळखून असतात. तालमीत उमेदवाराला शिकवलेलं असतं की प्रश्न हा फक्त दरवाजा आहे. प्रश्नातला एखादा शब्द उचलायचा, ‘याच संदर्भात मला सांगायचंय’ म्हणायचं आणि घरून पाठ करून आणलेल्या वाक्यावर जाऊन पोचायचं.

ही रीत टीव्हीवरच्या वादांइतकीच जुनी आहे. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोच्या स्टुडिओत केनेडी आणि निक्सन यांचा पहिला वाद झाला. विषय ठरला होता देशांतर्गत प्रश्नांचा. सुरुवातीच्या आठ मिनिटांच्या निवेदनात केनेडींनी काय केलं? १८६० मध्ये लिंकन यांच्यापुढे प्रश्न होता की हे राष्ट्र अर्धं गुलाम आणि अर्धं स्वतंत्र असं टिकेल का. १९६० मध्ये प्रश्न आहे की सारं जग असं टिकेल का, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. आज आपण घरच्या प्रश्नांवर बोलणार आहोत, पण सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्याशी चाललेल्या झगड्याशी त्यांचा थेट संबंध आहे, असं त्यांनी पहिल्याच मिनिटात ठासून सांगितलं. म्हणजे विषय त्यांनी मोडला नाही, रुंद करून घेतला आणि आपल्याला हवा तिथे नेला. त्यावर निक्सन यांची सुरुवात कशी? सिनेटर केनेडी जे म्हणाले त्यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्यापैकी अनेकांना मान्य होतील, अशी. विषयाची मांडणी प्रतिस्पर्ध्याने केली आणि निक्सन निमूटपणे तिच्या आत जाऊन बसले.

त्या वादाची आठवण म्हणून सगळे निक्सन यांचा फिकुटलेला चेहरा आणि पार्श्वभूमीत विरघळून गेलेला करडा सूट सांगतात. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं होतं, ही गोष्टही नेहमी जोडली जाते. ती एका तोकड्या पाहणीवर उभी आहे आणि अभ्यासकांनी तिच्याबद्दल गंभीर शंका घेतल्या आहेत. चेहऱ्याच्या या गोष्टीने केनेडींच्या त्या पहिल्या मिनिटावर पडदा टाकला, याचं मला जास्त वाईट वाटतं.

विनोदाचा उपयोगही याच कामासाठी होतो. २१ ऑक्टोबर १९८४, कॅन्सस सिटी. अध्यक्ष रेगन तेव्हा ७३ वर्षांचे. दोन आठवड्यांपूर्वीच्या पहिल्या वादात ते चाचपडले होते आणि त्यांच्या वयाची चर्चा देशभर सुरू झाली होती. पत्रकार हेन्री ट्रेव्हिट यांनी रास्त प्रश्न विचारला: क्युबाच्या पेचप्रसंगात केनेडींना दिवसेंदिवस पुरती झोप मिळाली नव्हती, तशी वेळ आली तर तुम्ही निभावून न्याल याबद्दल तुमच्या मनात काही शंका आहे का? रेगन म्हणाले, मुळीच नाही, आणि मी या निवडणुकीत वयाचा मुद्दा करणार नाही. माझ्या प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा राजकीय फायदा मी उठवणार नाही. प्रतिस्पर्धी मॉन्डेल ५६ वर्षांचे होते, आधी सिनेटर आणि मग उपाध्यक्ष राहिलेले. तेही हसले. वाक्य सुंदरच आहे, आणि रेगन ते इतक्या सहजपणे बोलले की आजही ऐकताना ओठांवर हसू येतं. पण त्या हशाबरोबर प्रश्न संपला. ७३ वर्षांचा माणूस रात्र रात्र जागून अण्वस्त्रांचे निर्णय घेऊ शकेल का, यावर ‘मुळीच नाही’ या दोन शब्दांपलीकडे देशाला काही मिळालं नाही.

फ्रान्समध्ये हेच काम शब्दांच्या नजाकतीने होतं. १९७४ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार जिस्कार देस्तँ यांनी प्रतिस्पर्धी मित्तराँना ‘हृदयावर तुमची मक्तेदारी नाही’ असं सुनावलं. १९८८ मध्ये पंतप्रधान शिराक अध्यक्ष मित्तराँना म्हणाले की आज रात्री मी पंतप्रधान नाही आणि तुम्ही अध्यक्ष नाही, आपण दोन बरोबरीचे उमेदवार आहोत. मित्तराँ उत्तरले, ‘तुमचं अगदी बरोबर आहे, पंतप्रधान महोदय.’ २०१२ मध्ये उमेदवार ओलांद यांनी ‘मी, प्रजासत्ताकाचा अध्यक्ष म्हणून’ अशी सुरुवात करत पंधरा वाक्यं लागोपाठ म्हटली आणि तेव्हाचे अध्यक्ष सार्कोझी ऐकत राहिले. ही वाक्यं भाषेचं लेणं आहेत आणि मला ती मनापासून आवडतात. फक्त त्यांना उत्तर समजण्याची चूक करू नये.

आपल्याकडे वादाचं शास्त्र फार जुनं आहे. गौतमांच्या न्यायसूत्रांत वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा काही पक्षच न मांडता समोरच्याचं फक्त खोडून काढायचं ती वितंडा. शेवटचा शब्द आपण अजून रोज वापरतो. पण मला जास्त मोलाची वाटते ती त्याच ग्रंथातली निग्रहस्थानांची यादी. निग्रहस्थान म्हणजे वादी जिथे पकडला जातो आणि हरतो ती जागा. अशा बावीस जागा तिथे सांगितल्या आहेत. चालू विषय सोडून भलतंच बोलणं हे ‘अर्थांतर’. दुसऱ्या कामाचं निमित्त सांगून चर्चा मोडणं हा ‘विक्षेप’. आपल्यावरच्या आरोपाचं खंडन न करता ‘हा दोष तुमच्यातही आहे’ म्हणणं ही ‘मतानुज्ञा’, कारण असं म्हणताना आपण स्वतःवरचा आरोप मान्य करून बसतो. ‘तुमच्या काळात काय झालं होतं?’ हे आजच्या वादांत दर पाच मिनिटांनी ऐकू येणारं उत्तर त्या काळच्या सभेत हार ठरलं असतं. आणि एक आहे ‘अननुभाषण’. सभेला समजलेलं आणि तीनदा सांगितलेलं म्हणणं जो स्वतःच्या तोंडाने पुन्हा उच्चारत नाही, तो हरला. म्हणजे उत्तर देण्याआधी प्रश्न तुम्हाला कळलाय हे दाखवणं बंधनकारक होतं. ओमाहातल्या तीन प्रश्नांबद्दल वाचताना मला हे सूत्र आठवलं आणि अंगावर काटा आला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. प्रश्न विचारणारा काय देव आहे? पत्रकाराचा प्रश्न वाकडा असू शकतो, उथळ असू शकतो, क्रूरही असू शकतो. तो जसाच्या तसा स्वीकारून उत्तर देणं नेत्यावर बंधनकारक का असावं?

१९९२ च्या रिचमंडमधल्या वादात हा आक्षेप समोर उभा राहिलेला दिसतो. तिथे सामान्य नागरिक प्रश्न विचारत होते. एका तरुणीने विचारलं, राष्ट्रीय कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर कसा परिणाम झालाय? आणि झाला नसेल, तर ज्यांच्यावर झालाय त्यांच्या दुःखावर तुम्ही उपाय कसा शोधणार? प्रश्न चालू असतानाच अध्यक्ष बुश मनगटावरच्या घड्याळाकडे पाहताना कॅमेऱ्यात दिसले. उत्तर देताना ते व्याजदराकडे गेले, मग मला प्रश्न नीट समजला नाही असं त्यांनी सांगून टाकलं. तिला मंदीबद्दल विचारायचं असावं, असा खुलासा सूत्रसंचालिकेने केला. डेमोक्रॅटिक उमेदवार क्लिंटन खुर्चीवरून उठले, तिच्या दिशेने चालत गेले आणि आधी तिलाच विचारलं, तुमच्यावर कसा परिणाम झालाय? तुमच्या ओळखीत नोकरी, घर गमावलेली माणसं आहेत ना? मग म्हणाले, मी एका लहान राज्याचा राज्यपाल आहे. तिथे कुणाची नोकरी गेली तर बऱ्याचदा मी त्याला नावानिशी ओळखत असतो. आणि पुढे, की दोष एकट्या राष्ट्रीय कर्जाचा नाही.

क्लिंटननी प्रश्न बदलला का? बदलला. पण तिच्या देखत, तिला विचारून, तिच्या शब्दांमागचा अर्थ गाठण्यासाठी बदलला. प्रश्न चुकीचा वाटत असेल तर तसं उघड म्हणावं: तुम्ही हे विचारताय, मला अडचण वेगळी दिसते, कारण असं असं. यात काहीच गैर नाही. प्रश्न गुपचूप खिशात घालणं गैर आहे.

क्रूर प्रश्नाचं उदाहरण त्याच १९८८ सालातलं आहे आणि ते माझ्या मनातून जात नाही. १३ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसमध्ये सीएनएनचे बर्नार्ड शॉ यांनी डेमोक्रॅटिक उमेदवार मायकल डुकाकिस यांना पहिलाच प्रश्न विचारला: तुमच्या पत्नीवर बलात्कार करून तिचा खून झाला, तर खुन्याला फाशी व्हावी असं तुम्हाला वाटेल का? शॉ यांनी त्यांच्या पत्नीचं नाव घेऊन विचारलं. डुकाकिस यांनी लगेच उत्तर दिलं, नाही, आणि मी आयुष्यभर फाशीच्या विरोधात राहिलोय हे तुम्हाला ठाऊक आहे. विचारलेल्या प्रश्नाला पहिल्याच शब्दात सरळ उत्तर. आणि त्यासाठी त्यांची छी थू झाली. माणूस थंड आहे, भावनाशून्य आहे, बायकोबद्दल असं विचारल्यावर संतापला का नाही, असं आठवडाभर चाललं. त्यांनी आवाज कापरा करून, डोळे ओले करून विषय भलतीकडे नेला असता, तर बहुधा वाहवा झाली असती. प्रश्न मलाही किळसवाणा वाटतो. पण आपण शिक्षा कुणाला केली? ज्याने आपली भूमिका सगळ्यात अवघड क्षणीही बदलली नाही त्याला. पुढच्या उमेदवारांनी आणि त्यांच्या सल्लागारांनी यातून काय धडा घेतला असेल, ते सांगायला नको.

म्हणून नेत्यांना प्रामाणिकपणाचे डोस पाजण्यात मला अर्थ वाटत नाही. टाळाटाळ करणाऱ्याला बक्षीस आणि उत्तर देणाऱ्याला शिक्षा असेल, तर शहाणा माणूस टाळाटाळच करणार. बदल करायचा तो वादाच्या रचनेत. आणि रचना आज आपोआप ठरत नाही, उमेदवारांचे लोक ती वाटाघाटी करून ठरवून घेतात. २००४ मध्ये धाकटे बुश आणि केरी या उमेदवारांच्या प्रचारयंत्रणांनी ३२ पानांचा करार केला होता. उमेदवारांनी एकमेकांना थेट प्रश्न विचारायचे नाहीत, पण उत्तराची अपेक्षा नसलेले आलंकारिक प्रश्न मात्र विचारायला हरकत नाही, असं त्यात चक्क लिहिलं होतं. नागरिकांच्या सभेत प्रश्नकर्त्याने उपप्रश्न विचारायचा नाही आणि प्रश्न विचारून झाला की त्याचा माइक बंद करायचा, हेही होतं. म्हणजे ज्यातून उत्तर निघू शकेल तेवढंच नेमकं कापलेलं.

नियम बदलता येतात हेही आपण पाहिलंय. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रम्प आणि बायडेन यांच्या क्लीव्हलँडच्या वादात एकमेकांना तोडून बोलण्याने कहर झाला, तेव्हा पुढच्या वादात एकाची सुरुवातीची दोन मिनिटं चालू असताना दुसऱ्याचा माइक बंद ठेवला गेला. फ्रान्समध्ये तर प्रत्येक उमेदवार किती बोलला याचा काटेकोर हिशेब ठेवतात, सेकंदांचं घड्याळ चालू असतं. सेकंद मोजता येतात, मग प्रश्न का दाखवता येत नाही?

माझी मागणी एवढीच आहे. उमेदवार उत्तर देत असताना विचारलेला प्रश्न पडद्याच्या खालच्या भागात शब्दशः दिसत राहावा. रॉजर्स आणि नॉर्टन यांच्या प्रयोगात हेही करून पाहिलं होतं. प्रश्न पडद्यावर ठेवल्यावर बगल दिलेली कितीतरी जास्त लोकांच्या लक्षात आली. खरं-खोटं तपासायचं म्हटलं की कोण तपासणार यावर भांडण होतं, तपासणाऱ्याच्या निष्पक्षपणावर शंका घेतली जाते. इथे कुणी न्यायाधीश लागत नाही. एक ओळ दिसते आणि पाहणारा स्वतः ठरवतो. जोडीला प्रत्येक प्रश्नामागे एक उपप्रश्न राखून ठेवावा, जो कोणत्याही करारातून काढता येणार नाही.

उपप्रश्नाची ताकद ६ ऑक्टोबर १९७६ ला सॅन फ्रान्सिस्कोत दिसली. अध्यक्ष फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. पत्रकार मॅक्स फ्रँकेल यांनी जवळपास माफी मागतच विचारलं: मी तुमचं म्हणणं बरोबर समजलो ना? फोर्डना शब्द सावरण्याची ती संधी होती. त्यांनी युगोस्लाव्ह, रुमानियन आणि पोलिश लोकांची नावं घेऊन तेच पुन्हा सांगितलं. त्या उपप्रश्नात कसलाही सापळा नव्हता. तो सभ्य होता आणि फोर्ड यांच्यावरही न्याय करणारा होता.

पडद्यावर ओळ कुणी ठेवत नाही, म्हणून मी जुनी चित्रणं पाहताना कागदावर प्रश्न किंवा आरोप लिहून तो पडद्याखाली चिकटवतो. २८ ऑक्टोबर १९८० चा अध्यक्ष कार्टर आणि उमेदवार रेगन यांचा वाद असाच पाहिला. ‘झालं तुमचं पुन्हा सुरू’ या अर्थाचं रेगन यांचं छोटंसं वाक्य त्यातलंच. ते मी आधी अनेकदा पाहिलं होतं, आणि दर वेळी त्या वाक्यावरच्या हशाबरोबर माझं लक्ष सुटायचं. या वेळी कागदावर कार्टर यांच्या आरोपाचे दोन भाग होते: रेगन यांनी वृद्धांसाठीच्या मेडिकेअर योजनेविरुद्ध प्रचार केला होता, आणि आज ते राष्ट्रीय आरोग्य विम्याच्याही विरोधात आहेत. लोक हसले. कागद तिथेच होता, म्हणून मी पुढचं ऐकलं. रेगन सांगत होते की तेव्हा संसदेपुढे त्याच प्रश्नावर दुसरंही एक विधेयक होतं आणि मला ते अधिक चांगलं वाटत होतं, वृद्धांना मदत देण्याच्या तत्त्वाला माझा विरोध नव्हता. म्हणजे पहिल्या भागाला त्यांनी उत्तर दिलं होतं, पटो न पटो, पण तपासून पाहता येईल असं उत्तर, आणि इतकी वर्षं ते माझ्या कानावरच पडलं नव्हतं. दुसऱ्या भागाबद्दल ते त्या उत्तरात एक शब्दही बोलले नाहीत. मी चित्रण थांबवलं आणि कागदावरच्या दुसऱ्या ओळीखाली रेघ मारली.